मध्ये उभे राहणाऱ्याचा धर्म

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. प्रवासवर्णने, पाककृती, बालगोपाळांनी काढलेली चित्रे यांच्या पंगतीत संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना जरा उपरीच वाटणार. पण पूजा संपली की आपण सगळे हात जोडून तीनदा 'शांतिः' म्हणतो आणि मग प्रसादाच्या रांगेकडे वळतो. तीनदा मागण्याइतकी ही गोष्ट महत्त्वाची असेल, तर ती राखायला जे प्रत्यक्ष जातात त्यांच्याविषयी वर्षातून एकदा विचार करायला हरकत नसावी.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या भिंतीवर पाटी असते ती 'शांतता राखा' अशी. 'शांती राखा' अशी पाटी मी तरी कुठे पाहिलेली नाही. शांतता पहारा बसवून राखता येते. शांती भांडणाऱ्यांच्या मनातूनच यावी लागते. निळ्या टोपीतले सैनिक १९४८ पासून जगभर जे करत आले आहेत ते पहिल्या प्रकारचे काम. सायप्रसमध्ये १९६४ साली ते गेले आणि आजही तिथेच आहेत. ग्रीक आणि तुर्की वस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात शांतता आहे, तंटा मात्र मिटलेला नाही. याला यश म्हणायचे की अपयश? मी यशच म्हणेन, कारण ज्यांची मुले त्या शांततेत मोठी झाली त्यांना हा शब्दच्छल परवडत नाही.

पण माझा प्रश्न निराळा आहे. दोघांच्या भांडणात जो तिसरा मध्ये जाऊन उभा राहतो, त्याचे कर्तव्य नेमके कुठपर्यंत? नुसते उभे राहिले की संपले? आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकाने दुसऱ्याचा गळा धरला तर?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेत शांतिसेना हा शब्दच नाही. गरज पडली तसे हे काम घडत गेले. १९५६ साली सुएझच्या पेचप्रसंगात कॅनडाचे लेस्टर पिअरसन यांनी कल्पना मांडली, सरचिटणीस डॅग हॅमरशोल्ड यांनी ती उभी केली, आणि पहिली सशस्त्र शांतिसेना इजिप्तमध्ये उतरली. सैनिक चटकन ओळखू यावेत म्हणून निळ्या टोप्या हव्या होत्या. त्या वेळेत मिळेनात, तेव्हा अमेरिकन शिरस्त्राणांच्या आतल्या कवचांना घाईघाईने निळा रंग फासला. पुढे जगभर प्रसिद्ध झालेले ते निळे शिरस्त्राण म्हणजे असा हा जुगाड होता. नियम तीन ठरले: दोन्ही पक्षांची संमती हवी, कुणाचीही बाजू घ्यायची नाही, आणि स्वसंरक्षणाखेरीज शस्त्र चालवायचे नाही.

हे नियम वाईट नव्हते. दोन देश, दोन सैन्ये, मध्ये एक रेघ, आणि दोघांनाही लढाई थांबलेली हवी आहे, अशा स्थितीसाठी ते अगदी योग्य होते. सुएझमधल्या सेनेने दहा वर्षांहून अधिक काळ ती रेघ सांभाळली. १९६७ च्या मे महिन्यात नासर यांनी 'आता जा' म्हटले. संमतीच संपली म्हटल्यावर सेना निघाली, आणि जूनमध्ये युद्ध पेटले. अजून परतायचे असलेले काही भारतीय जवान गाझात त्या युद्धात सापडून मारले गेले.

मध्ये उभे राहणे किती अवघड असते याचा अनुभव एका मराठी माणसाने त्याआधीच घेतला होता. कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात १९५३ साली कोरियात भारतीय पहारा दलाचे प्रमुख होते. (ही संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना नव्हती, युद्धबंदीच्या करारानुसार नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे ते काम होते, आणि आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या.) मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी आणि कोरियन युद्धकैदी आपल्या जवानांच्या ताब्यात होते. कैद्यांना वाटे, भारतीय लोक आपल्याला जबरदस्तीने कम्युनिस्टांच्या हवाली करणार. दक्षिण कोरियाच्या सरकारने तर भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊलही ठेवू दिले नाही. त्यांना हेलिकॉप्टरने थेट मधल्या पट्ट्यात उतरवावे लागले. एके दिवशी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आपल्या कुंपणात ओढून नेले. थोरात स्वतः त्या जमावात शिरले आणि त्याला सोडवून आणले. कैदी पिसाळलेले असताना गोळीबाराचा हुकूम देणे सोपे होते आणि नियमातही बसले असते. त्यांनी तो दिला नाही. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र (दुसरी श्रेणी) मिळाले. दोन्ही गटांनी भारतावर पक्षपाताचे आरोप केले ते वेगळेच. मध्ये उभे राहणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या बसतात. 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' हा आपला वाक्प्रचार यांच्यासाठीच असावा!

कोरियात बळ न वापरण्यातच शौर्य होते. काँगोत उलटे झाले. १९६१ च्या डिसेंबरमध्ये एलिझाबेथव्हिलजवळ कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी सोळा गुरखा जवानांसह सुमारे नव्वद सशस्त्र बंडखोरांवर हल्ला चढवला, रस्ता मोकळा केला आणि तिथेच प्राण सोडले. वय सव्वीस. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. हॅमरशोल्ड यांचा मृत्यू त्याच वर्षी, काँगोच्याच प्रश्नासाठी जाताना विमान कोसळून झाला. तेव्हा 'शांतिसैनिकाने कधीच शस्त्र उचलू नये' किंवा 'नेहमी उचलावे' असा सोपा नियम हाती लागत नाही.

आता रुआंडा. याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्यापैकी बरेच जण त्या काळात अमेरिकेत येऊन स्थिरावत होते.

१९९३ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाचे जनरल रोमिओ डॅलेअर यांच्या नेतृत्वाखाली एक लहान शांतिसेना तिथे गेली. ११ जानेवारी १९९४ रोजी डॅलेअर यांनी न्यूयॉर्कला तार केली: शस्त्रे साठवली जात आहेत, तुत्सींच्या कत्तलीची तयारी चालू आहे, आम्ही साठ्यांवर छापा घालतो. उत्तर आले, घालू नका, ते तुमच्या अधिकारात बसत नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. पंतप्रधानांच्या रक्षणासाठी गेलेल्या दहा बेल्जियन सैनिकांना ठार मारण्यात आले आणि बेल्जियमने आपली तुकडी परत बोलावली.

किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत बेल्जियन सैनिकांचा तळ होता. निळी टोपी दिसली म्हणून दोन हजारांहून अधिक लोक तिथे आश्रयाला जमले होते. फाटकाबाहेर मारेकरी कोयते घेऊन वाट पाहत होते. ११ एप्रिल रोजी सैनिक गाड्यांत बसून निघून गेले. त्यानंतर काही तासांतच बहुतेकांची कत्तल झाली.

मला या ठिकाणी सर्वांत जास्त अडखळायला होते. ते लोक त्या शाळेत का जमले? सैनिक नसते तर कदाचित ते डोंगरात, दलदलीत, कुणा ओळखीच्याच्या माळ्यावर पांगले असते. काही वाचले असते, काही नसते. त्यांना एका जागी गोळा केले ते त्या निशाणाने. तोंडाने कुणी वचन दिले नव्हते, हे खरे. पण दारावर पहारेकरी उभा करणे हेच एक वचन नसते का? गावाकडे म्हण आहे, भरवशाच्या म्हशीला टोणगा. पण म्हशीच्या बाबतीत फार तर दूध बुडते.

शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. २१ एप्रिल रोजी, कत्तल भर जोरात असताना, सुरक्षा समितीने शांतिसेना कमी करून अवघी २७० वर आणण्याचा ठराव केला. त्यामागचे एक कारण होते मोगादिशू. आदल्या ऑक्टोबरमध्ये सोमालियात अठरा अमेरिकन सैनिक मरण पावले होते, त्यांची विटंबना टीव्हीवर दिसली होती, आणि 'आपली मुले परत आणा' हा आवाज घराघरांतून उठला होता. तो आवाज चुकीचा होता असे कोणत्या आईला सांगणार? पण त्या आवाजाचा परिणाम किगालीत झाला, हेही खरे. 'वंशसंहार' हा शब्द वापरला तर काही करावे लागेल, म्हणून वॉशिंग्टनमधले अधिकारी तो शब्दच टाळत राहिले. त्या जून महिन्यात ओ. जे. सिम्प्सनच्या पांढऱ्या गाडीचा पाठलाग साऱ्या देशाने पाहिला. रुआंडा तेव्हाही जळत होता. १९९८ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी किगालीला जाऊन खेद व्यक्त केला.

आपली मुले इथल्या हायस्कुलात 'मॉडेल यूएन'मध्ये भाग घेतात. कुणी केनियाचा प्रतिनिधी, कुणी ब्राझीलचा. कोट-टाय घालून ठराव मांडतात, ठराव मंजूर झाला की टाळ्या. कौतुकाची गोष्ट आहे. त्यांना बोस्नियातल्या एका ठरावाची कथाही कुणीतरी सांगावी. १९९३ साली सुरक्षा समितीने स्रेब्रेनित्सा आणि आणखी काही शहरे 'सुरक्षित क्षेत्रे' म्हणून जाहीर केली. ती खरोखर सुरक्षित ठेवायला ३४ हजार सैनिक लागतील, असा हिशेब तिच्यापुढे मांडला गेला. मंजूर झाले ७,६००. नाव मात्र 'सुरक्षित क्षेत्र' हेच राहिले! ११ जुलै १९९५ रोजी सर्ब सैन्य स्रेब्रेनित्सात शिरले तेव्हा तिथे काही शे डच सैनिक होते, हलक्या शस्त्रांचे. मागितलेली विमाने आली ती उशिरा आणि अपुरी. आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे वेगळे काढून मारले गेले.

पोतोचारी येथील डच तळाच्या आत हजारो लोक शिरले होते. त्यांत सुमारे ३५० पुरुष होते. त्यांनाही बाहेर पाठवण्यात आले. मृतांच्या आया-बायकांनी नेदरलँड्सच्या न्यायालयात दावा लावला. संयुक्त राष्ट्रसंघावर खटला चालू शकत नाही, त्याला कायद्याचे कवच आहे. डच सरकारवर मात्र चालला. २०१७ साली अपील न्यायालयाने सरकारची जबाबदारी तीस टक्के ठरवली, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दहा टक्क्यांवर आणली. तर्क असा: त्या ३५० जणांना आतच राहू दिले असते, तर ते वाचण्याची शक्यता दहा टक्के होती.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा संताप आला. माणसाच्या जिवाचा असा अपूर्णांक कसा काढायचा? नंतर मात्र मला त्या निकालात एक प्रामाणिकपणा दिसू लागला. मारणारे डच नव्हते. मारणाऱ्यांचा सेनापती म्लादिच याला २०१७ साली हेगच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. पण जो बाजूला उभा होता, त्याचा वाटा शंभर टक्के नसला तरी शून्यही नाही, हे एका देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्याच सरकारला सांगितले. कौरवसभेत भीष्म-द्रोणांनी द्रौपदीला हात लावला नव्हता. तरी त्यांना निर्दोष म्हणायला आपल्या आजीची जीभ रेटत नसे. राहिलेले नव्वद टक्के कुठे गेले, हा प्रश्न मात्र उरतोच. मारेकऱ्यांचा मोठा वाटा वजा केला, तरी ३४ हजारांचे ७,६०० करणाऱ्यांच्या नावावर कुणी काही मांडले नाही.

२००० साली अल्जीरियाचे लखदर ब्राहिमी यांच्या समितीने शांतिसेनेच्या कारभाराची झाडाझडती घेतली. निःपक्षपातीपणा म्हणजे दोघांपासून सारखे अंतर नव्हे, हे तिने स्पष्ट केले. गावच्या पंचाने वादी-प्रतिवादींना सारखेच ऐकून घ्यावे, हे योग्यच. पण एकाने दुसऱ्याचे घर पेटवले आणि पंच म्हणू लागला, 'दोघांचेही थोडे चुकले', तर तो पंच आग लावणाऱ्याच्या बाजूचा झाला. बघ्याची भूमिका ही भूमिकाच असते. पुढच्या मोहिमांना नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरण्याचे अधिकार मिळू लागले. कागदावर. २०१२ साली काँगोत बंडखोरांनी गोमा शहर घेतले तेव्हा राष्ट्रसंघाची सेना तिथेच होती, त्या भागात आपल्या भारतीय तुकड्याही होत्या, आणि शहर गेले. २०२५ च्या जानेवारीत ते पुन्हा गेले.

मग जाऊच नये का? असे म्हणणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे, आणि ते सगळेच निर्दय नाहीत. पण मला ते पटत नाही. त्याचेही उत्तर रुआंडातच आहे. २७० चा ठराव झाल्यावरही डॅलेअर सुमारे साडेचारशे माणसांसह थांबले. त्यांत बहुतेक घानाचे होते. ना पुरेसे अन्न, ना दारूगोळा. तरी त्यांच्या आश्रयाने काही हजार लोक वाचले. सेनेगलचे कॅप्टन म्बाये डियान हे तर निःशस्त्र निरीक्षक. गाडीत दोन-चार माणसे लपवायची, नाक्यावरच्या मारेकऱ्यांशी हसतखिदळत बोलायचे, सिगरेटी वाटायच्या आणि पार व्हायचे. अशा फेऱ्यांतून त्यांनी शेकडो जीव वाचवले. ३१ मे १९९४ रोजी एका नाक्यावर तोफगोळा पडून ते गेले. हे सारे हुकूमाबाहेरचे होते. डॅलेअर यांनी डोळ्यांआड केले म्हणून ते चालले. हुकूम मोडणाऱ्यांच्या भरवशावर संस्था चालत नाही, हे मला कळते. पण हुकूम पाळणाऱ्यांनी त्या तांत्रिक शाळेत काय केले, तेही आपण पाहिले.

आणि यशाची बातमी होत नाही, हे विसरून चालणार नाही. न झालेल्या युद्धाचा फोटो कसा काढणार? नामिबिया १९९० साली स्वतंत्र झाला, निवडणुका शांततेत झाल्या. तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख भारताचे जनरल प्रेमचंद होते. किती जणांना ठाऊक आहे? सिएरा लिओनमध्ये २००० साली बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले, भारतीय जवानांनी जुलैत 'ऑपरेशन खुकरी' करून वेढा फोडला. पण ही नाट्यमय गोष्ट सोडा. त्या देशात पुढे सुमारे ७५ हजार लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवली, त्यांत लहान मुलेही होती, आणि २००५ साली सेना काम संपवून परतली. लायबेरियात २००७ मध्ये भारताच्या महिला पोलिसांची तुकडी गेली, संपूर्ण महिलांची अशी ती पहिलीच. व्हर्जिनिया पेज फोर्टना या अमेरिकन अभ्यासिकेने २००८ साली बरीच यादवी युद्धे तपासून दाखवले की शांतिसैनिक असतील तिथे युद्ध पुन्हा भडकण्याचा धोका ठळकपणे कमी होतो.

कुंपणानेच शेत खाल्ल्याचीही उदाहरणे आहेत आणि ती लपवू नयेत. हैतीत २०१० साली शांतिसैनिकांच्या तळावरची घाण नदीत जाऊन कॉलरा पसरला. सुमारे दहा हजार माणसे गेली. राष्ट्रसंघाला क्षमा मागायला सहा वर्षे लागली. आश्रयाला आलेल्या बायका-मुलींवर अत्याचार झाले. गुन्हा केलेल्या सैनिकावर खटला भरायचा अधिकार त्याच्या मायदेशाचा, त्यामुळे बहुतेक प्रकरणे तिथेच विरली. काँगोत भारतीय तुकड्यांवरही आरोप झाले. आपला अभिमान याला अपवाद मागू शकत नाही. तसाच आणखी एक काटा: काश्मीरमध्ये १९४९ पासून राष्ट्रसंघाचे निरीक्षक आहेत, आणि १९७२ च्या सिमला करारानंतर त्यांचे काम उरले नाही, अशी भारताची भूमिका आहे. दुसऱ्याच्या अंगणात मध्यस्थ म्हणून जाणे आणि आपल्या अंगणात मध्यस्थ येऊ देणे, या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात, नाही का?

आता आपल्या खिशाकडे येतो. आजवर अडीच लाखांहून अधिक भारतीय जवान या मोहिमांवर गेले. त्यांतले सुमारे १८० परतले नाहीत. इतके बळी दुसऱ्या कोणत्याही देशाने दिलेले नाहीत. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा, एक चतुर्थांशाहून थोडा अधिक, अमेरिकेच्या नावावर ठरलेला आहे आणि तो अनेकदा थकतो. म्हणजे आपल्यासारखी कुटुंबे दोन्ही टोकांना आहेत: एक चुलतभाऊ तिकडे जवान म्हणून जातो, दुसरा इकडे एप्रिलमध्ये टॅक्स भरतो. सगळ्या मोहिमांचा मिळून खर्च २०२४-२५ मध्ये सुमारे साडेपाच अब्ज डॉलर होता. जगाच्या लष्करी खर्चाच्या हजारातले दोन भाग. ठराव करणारी मोठी राष्ट्रे, पैसे देणारी श्रीमंत राष्ट्रे, आणि मरायला जाणारी नेपाळ, बांगलादेश, भारत, इथिओपिया, घाना. रुआंडाही आज सर्वाधिक सैनिक पाठवणाऱ्या देशांत आहे.

दक्षिण सुदानमध्ये २०१३ च्या डिसेंबरमध्ये यादवी पेटली तेव्हा लोक पुन्हा निळ्या निशाणाकडे धावले. या वेळी फाटके उघडली गेली. त्यासाठी कुणी तळ बांधले नव्हते, पाणी पुरत नव्हते, संडास नव्हते. तरी हजारो लोक आत घेतले गेले आणि पुढे तो आकडा दोन लाखांवर गेला. अकोबो येथे आश्रितांना मारायला आलेल्या जमावापुढे दोन भारतीय जवान पडले. सगळीकडे असे झाले नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मलाकलच्या छावणीवर हल्ला झाला तेव्हा पहारेकरी वेळेवर हलले नाहीत, आणि सुमारे तीस लोक कुंपणाच्या आतच मेले. तरीही वाचलेले लोक छावणी सोडून गेले नाहीत. बाहेर जाण्यापेक्षा त्यांना तेच कुंपण बरे वाटले. दहा वर्षांनंतरही मलाकलच्या त्या कुंपणाआड माणसे राहत होती, तिथे जन्मलेली मुले शाळेत जाऊ लागली होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंघाने जाहीर केले की पैशाअभावी जगभरातल्या शांतिसैनिकांपैकी सुमारे एक चतुर्थांश माघारी बोलवावे लागणार. दक्षिण सुदानची मोहीमही त्या कपातीत होती.